सुट्टीचा अभ्यास कसा उरकावा : नवशिक्या पालकांसाठी, पनवेल आवृत्ती

पात्रता

ही मार्गदर्शिका ज्यांचं पहिलंच मूल यंदा तिसरीत गेलं आहे अशा पालकांसाठी आहे. मूल पहिली-दुसरीत असेल तर खरं म्हणजे तुम्हाला हिची गरज पडू नये. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि मद्रास उच्च न्यायालयाने तेच २०१८ मध्ये सांगून ठेवलं होतं. तरीही तुमच्या पहिलीतल्या लेकीने सहामाही संपल्या दिवशी दप्तरातून ‘दिवाळी गृहपाठ’ असं वर लिहिलेले झेरॉक्सचे चार कागद काढले असतील, तर घाबरू नका. पनवेलला कोकणात जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्या थांबतात, धोरणं थांबतीलच असं नाही.

तिसरी ते पाचवीसाठी हेच धोरण आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सांगतं आणि सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. म्हणजे तिसरीतल्या मुलाला दिवाळीच्या अडीच आठवड्यांत पाच तासांचा अभ्यास पुरे. आता त्या कागदांवर नजर टाका. रोज एक पान शुद्धलेखन, दोन ते पंधरा पाढे दहा वेळा, निबंध दोन, प्रकल्प तीन, आणि ‘पालकांच्या मदतीने’ एक प्रतिकृती. पालकांच्या मदतीने म्हणजे पालकांनी, मुलाच्या मदतीने. हे एकदा नीट लक्षात आलं की निम्मं काम झालं.

साहित्य

दोनशे पानी एकरेघी वही, रंगीत प्रोजेक्ट पेपर, फेविकॉल, चमकी, स्केचपेन, चित्रांचे तक्ते, आणि मोठ्या माणसाचं सुरेख अक्षर हवं तेव्हा वाईट काढता येण्याची कला. ही शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही. डाव्या हाताने लिहून पाहावं. मूळचे डावखुरे असाल तर तुमचं नशीब.

चित्रांच्या तक्त्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातलं प्राथमिक शिक्षण बऱ्याच अंशी त्यांवर उभं आहे. फळं, फुलं, वाहनं, पक्षी, आपले मदतनीस, थोर नेते. एका कागदावर छोट्या चौकोनांत पंचवीस-तीस चित्रं असतात, ती कापायची आणि डकवायची. ‘तुम्ही पाहिलेले दहा पक्षी’ असा प्रकल्प असेल तर पक्ष्यांचा तक्ता घ्या. त्यात शहामृग असतं, पेंग्विन असतं, मोर तर असतोच. मुलाने शहामृग कुठे पाहिलं हे विचारायची पद्धत नाही. पेंग्विन निदान भायखळ्याला राणीच्या बागेत तरी आहे.

पनवेलपासून गोवा रस्त्याने बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळा आहे, १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य. तिथे भारद्वाज दिसतो, शेपटीला दोन लांब तारा लावून उडणारा भृंगराज दिसतो, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. यातले बरेचसे तक्त्यावर नसतात, म्हणून ते प्रकल्पाला चालत नाहीत. कर्नाळ्याचं खरं नवल म्हणजे तिबोटी खंड्या, चिमणीएवढा आणि रंगपेटी सांडल्यासारखा. पण तो तिथे पावसाळ्यात येतो, घरटं करतो, पिल्लं वाढवतो आणि जातो. म्हणजे शाळा ऐन भरात असताना. सुट्ट्यांच्या वेळापत्रकाची त्याला कल्पना दिलेली नसावी.

पायरी पहिली : सुरुवात करू नका

अनुभवी पालक भाऊबीजेच्या आधी वही उघडत नाहीत. त्याआधीचे दिवस किल्ल्याचे असतात.

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली इथल्या सोसायट्यांमध्ये माती ही आता विकत आणायची वस्तू झाली आहे. तरीही दोन इमारतींच्या मधल्या बोळात विटांचे तुकडे, गोणपाट आणि कुठूनशी पैदा केलेली लाल माती घेऊन मुलं बसतातच. सेक्रेटरी काका येऊन ड्रेनेजच्या झाकणावर बांधू नका म्हणून ओरडून जातात. पाचवीतला एक सेनापती तिसरीतल्या चार मावळ्यांना चिखल कालवायला लावतो, स्वतः हात माखून घेत नाही. संध्याकाळी बुरूज ढासळतो. पाणी जास्त झालं की माती धरत नाही हे सगळ्यांना एकदम कळतं आणि कोणी जास्त ओतलं यावर चौकशी बसते. हळीव पेरलं जातं, ते उगवलं का हे बघायला पोरं दात न घासता खाली पळतात. कर्नाळा किल्ल्याचा सुळका करायचा तर आत काठी घालावी लागते, नाहीतर रात्रीत तो मान टाकतो. हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं.

या पाच दिवसांत भूगोल होतो, इतिहास होतो, मोजमाप होतं, आणि हट्टी माणसांकडून काम कसं काढून घ्यावं हेही होतं, जे पुढे नोकरीत सगळ्यात जास्त लागतं. वहीत मात्र एक अक्षर उमटत नाही. म्हणून शाळेच्या हिशेबी हे पाच दिवस वाया गेले. उपाय असा की किल्ल्याचा फोटो काढावा, त्याची प्रिंट वहीत चिकटवावी आणि खाली साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे चार मथळे टाकावेत. निष्कर्षात ‘पाणी बेताचं घालावं’ असं लिहू नये. ‘आपण आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगला पाहिजे’ असं लिहावं. गुण त्याला आहेत.

पायरी दुसरी : निबंध

विषय ‘मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली’ हाच असतो. तो सुट्टीतच लिहायचा असल्यामुळे खरं उत्तर ‘हा निबंध लिहिण्यात’ असं येतं, पण ते दहा ओळी भरत नाही.

मग मामाचा गाव लागतो. पनवेलच्या निम्म्या मुलांचा मामा मानसरोवर स्टेशनला उतरून दहा मिनिटांवर, कामोठ्यात सातव्या मजल्यावर राहतो. निबंधातल्या मामाकडे मात्र बैलगाडी, विहीर आणि आमराई असावी लागते. आमराई दिवाळीत काय कामाची, हे विचारू नका. नदी हवीच असेल तर गाढी आहे, पण तीत मनसोक्त डुंबल्याचं लिहू नका. बाई पनवेलच्याच आहेत.

ज्यांचं गाव खरोखर कोकणात आहे त्यांनी प्रवासवर्णन लिहावं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता कॉलेजात आहेत. दिलेला अभ्यास मुदतीत पूर्ण केला नाही तर काय होतं, हा प्रश्न तिसरीतल्या मुलाला या रस्त्यावरच्या खड्ड्यांत आपसूक पडतो आणि उत्तरही तिथेच मिळतं : मुदत वाढते. हे निबंधात आणू नये. मूल्यशिक्षणाच्या तासाला अडचण होते.

पायरी तिसरी : थोर व्यक्तीची माहिती

आधी थोर नेत्यांचा तक्ता आणा. त्यावर ज्यांचं चित्र स्वच्छ छापलं आहे त्यांच्यातून थोर व्यक्ती निवडा. आधी व्यक्ती ठरवून मग चित्र शोधत फिरणं ही नवशिक्यांची चाल.

उदाहरणार्थ वासुदेव बळवंत फडके. ४ नोव्हेंबर १८४५, जन्मगाव शिरढोण. म्हणजे पनवेलहून गोवा रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात येणारं शिरढोण. वाढदिवसही असा की बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढे येतो. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, म्हणजे खाली बोळात तुमचा मुलगा ज्याचा सुळका काठी घालून उभा करतो आहे त्याच किल्ल्याचे. फडक्यांना एडनच्या तुरुंगात ठेवलं होतं, तिथून ते खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळाले, पकडले गेले आणि तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ ला गेले. पनवेलची मुलं ज्या नाट्यगृहात बालनाट्य बघायला जातात त्याला त्यांचंच नाव आहे. तिसरीतल्या कुठल्याही पोराला दार उखडण्याची गोष्ट एकदा सांगा, ते ती जन्मात विसरणार नाही; वर घरातल्या दोन-तीन दारांची तपासणीही करेल.

पण तक्त्यावर फडके असतीलच असं नाही. नसले तर थोर व्यक्ती बदलावी असा प्रघात आहे. माहिती इंटरनेटवरून उतरवावी, ‘इत्यादी’ आणि ‘तद्वतच’ हे शब्द मात्र काढून टाकावेत. आठ वर्षांच्या मुलाने ‘तद्वतच’ लिहिलं की बाई ओळखतात. ओळखून काही करत नाहीत, तो भाग निराळा.

शिरढोणला न्यायला अर्धा दिवस लागतो. डकवायला वीस मिनिटं. मार्गदर्शिका आपलं मत देत नाही.

पायरी चौथी : शेवटचा रविवार

रात्री साडेनऊला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा होतो. पाढे बारापर्यंत की पंधरापर्यंत? प्रतिकृती घराची की गावाची? हिरवा क्रेप कागद कुणाकडे आहे का, लाइन आळीत सगळी दुकानं बंद झाली. एक आई पूर्ण वहीचे फोटो टाकते आणि खाली लिहिते, ‘आमच्याकडे सोमवारीच झालं.’ तिच्याशी मार्चपर्यंत कोणी बोलत नाही.

पैसे घेऊन प्रकल्प करून देणारी माणसं हल्ली मिळतात. लाज वाटून घेऊ नका, हा रोग जगभर आहे. जपानमध्ये उन्हाळी सुट्टीचा तयार गृहपाठ ऑनलाइन बाजारात इतका विकला जाऊ लागला की २०१८ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याला मोठ्या विक्री संकेतस्थळांशी बोलून तो बंद करून घ्यावा लागला. पाढे मात्र बाहेर टाकता येत नाहीत. दहा वेळा तेराचा पाढा लिहिताना मूल आधी डावीकडचा तेराचा उभा रकाना खालपर्यंत उतरवतं, मग गुणिले, मग एक ते दहा, आणि उत्तरं शेवटी मागच्या पानावरून. पाढा एकदाही म्हटला जात नाही. याला कोणी आळस म्हणेल. कारखान्याच्या भाषेत हीच उत्पादकता.

गणपतीच्या सुट्टीच्या अभ्यासासाठी वेगळी पायरी नाही. माध्यमिक शाळांच्या एकूण सुट्ट्या वर्षाला ७६ दिवसांच्या वर जाऊ नयेत असा नियम आहे. मोठ्या सुट्टीतले काही दिवस कापून गणपतीला द्यायची मुभा आहे आणि कोकणात ती आनंदाने वापरतात. तेव्हा दिलेला अभ्यास कुणीही करत नाही, कुणी तपासतही नाही. राज्यातल्या शैक्षणिक प्रश्नांपैकी पूर्ण सुटलेला हा एकमेव प्रश्न असावा.

वारंवार पडणारी शंका

हा अभ्यास देतं कोण? बाई देतात, हा नवशिक्यांचा गैरसमज. सुट्टीनंतर पन्नास-साठ वह्या, प्रत्येकीत चाळीस पानं, आणि त्याच आठवड्यात नव्या सत्राचे वर्ग. लाल शाईची एक बरोबरची खूण आणि खाली सही, याहून जास्त तपासणी एका माणसाच्या हातून होऊ शकत नाही. त्या खुणेसाठी मुलाचे सहा दिवस आणि तुमच्या तीन रात्री गेल्या आहेत. पण सहामाहीच्या पालकसभेत बसून बघा. ‘बाई, सुट्टीत काहीतरी द्या हो, घरात नुसता धुडगूस घालतात,’ हे वाक्य पालकांच्या बाकावरून येतं. शेजारच्या शाळेने छापील पुस्तिका दिली आणि आपल्या शाळेने काहीच दिलं नाही, तर आपली शाळा ढिली, असा हिशेब लिफ्टमध्ये होतो. मागणारे आपण, लिहिणारे आपण, रात्री अकराला चमकी सांडून एकमेकांवर चिडणारेही आपण. मूल यात निमित्तमात्र, आणि बहुधा तोपर्यंत झोपलेलं.

अभ्यास विसरतील त्याचं काय, ही भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या हॅरिस कूपर यांनी १९९६ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासून लांब सुट्टीत साधारण महिन्याभराचं शिकणं गळतं असा अंदाज मांडला. पुढच्या काही संशोधकांनी ही गळती जुन्या चाचण्यांच्या मोजण्यात जास्त होती की मुलांच्या डोक्यात, अशी शंका घेतली. त्याच कूपर यांनी २००६ मध्ये गृहपाठाचा हिशेब मांडला तेव्हा सातवीपुढच्या मुलांच्या बाबतीत गृहपाठ आणि प्रगती यांचं नातं बऱ्यापैकी दिसलं, लहान मुलांच्या बाबतीत ते फार कच्चं निघालं. पोलंडने एप्रिल २०२४ पासून पहिल्या तीन इयत्तांचा लेखी गृहपाठ थांबवला आणि चौथी ते आठवीचा ऐच्छिक केला. आपल्याकडेही २०२२ मध्ये गृहपाठ बंद करण्याची चर्चा निघाली, मग विरली. पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं घालून दप्तर हलकं करण्याचा प्रयोग २०२३ मध्ये सुरू झाला, तोही दोन वर्षांत गुंडाळला.

म्हणजे दहावीच्या मुलाने मेच्या सुट्टीत रोज दोन तास गणितं सोडवावीत, यात माझ्या मते वाद नाही. तिसरीतल्याने तेराचा उभा रकाना भरावा, यात अर्थही नाही. मार्गदर्शिकेने मत देणार नाही म्हटलं होतं, दिलं.

ही मार्गदर्शिका कोणाला लागू नाही

पनवेल, खालापूर, कर्जत, पेण या पट्ट्यात कातकरी वाड्या आहेत. काही तर तुमच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी. दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटायला लागतात आणि वाड्यांतली अर्धीअधिक कुटुंबं भट्टीवर जातात. मुलंही जातात, कारण वाडीत त्यांना सांभाळायला मागे राहतं कोण? पावसाच्या तोंडाशी परत येतात. त्यांची दिवाळीची सुट्टी जूनपर्यंत चालते.

सरकारने यासाठी शिक्षण हमी पत्रक काढलं, ते घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. काही गुरुजी भट्ट्यांवर जाऊन पोरं शोधून आणतात, काही वेळा त्यांना पोरंही सापडतात. पण सुट्टीत गळती कुणाची होते हा प्रश्न खरोखर विचारायचा असेल, तर उत्तर इथे आहे. ज्या घरात रात्री अकराला चमकी सांडते, तिथल्या मुलाला सुट्टीतही पुस्तकं आहेत, मराठी-इंग्रजी कानावर पडतं, आजी गोष्ट सांगते, बाबा दुकानात हिशेब करायला लावतात. तिथे गृहपाठ नसला तरी फार काही सांडत नाही. ज्याचं सांडतं त्याच्या दप्तरात तो चार पानी कागद असला तरी भट्टीवर तो वाचून दाखवायला कोणी नाही, आणि शाळा उघडल्यावर वही तपासायला घ्यावी तर ते मूल वर्गात नाही. आपण ज्याला सुट्टीचा अभ्यास म्हणतो तो नेमका ज्यांना नको त्यांच्याकडे वेळेवर पोचतो. सुट्टीत कुणाला काही द्यायचंच असेल तर वाडीवर चार गोष्टींची पुस्तकं आणि आठवड्यातून दोन सकाळी येणारं एक माणूस द्यावं. प्रोजेक्ट पेपर तिथे नको आहे.

शेवटचा उपाय : नमुना चिठ्ठी

वरच्या सगळ्या पायऱ्या जमल्या नाहीत तर खालील चिठ्ठी स्वच्छ अक्षरात, उजव्या हाताने लिहून पहिल्या दिवशी वहीत घालून द्यावी.

‘मा. वर्गशिक्षिका बाई यांस,

सा. न. वि. वि.

माझ्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीतला लेखी अभ्यास केलेला नाही. तिने केलेली इतर कामं अशी : आजीशेजारी बसून करंज्या मोजल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या आणि आलेल्या फरकाबद्दल भावाला जाब विचारला. किल्ला बांधला, एकदा पडला, दुसऱ्यांदा राहिला. बालभारतीच्या ‘किशोर’चा दिवाळी अंक वाचला, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात हे कळल्यापासून माझा फोन तिच्याकडे आहे. शिरढोणला जाऊन आली. भाऊबीजेच्या ओवाळणीचा हिशेब स्वतः ठेवला असून त्यातले वीस रुपये माझ्याकडे येणं दाखवते.

पाढे तिला येतात. कृपया तोंडी विचारावेत. चौदाच्या पाढ्यात जरा अडते, तिथे थोडं थांबावं. हे इतर पालकांनीही मान्य केलं तर आपल्याही पन्नास वह्या वाचतील.

कळावे,
आपली विश्वासू
(पालकाची सही)

ता. क. मागच्या दिवाळीतल्या “माझा आवडता सण” या निबंधाला दहापैकी साडेसहा गुण मिळाले होते. तो मी लिहिला होता. साडेतीन कुठे कापले ते कळल्यास बरं होईल.’